पाऊणकीचा नवरा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिथी बघणं.

संध्याकाळची वेळ होती. ती खाली बसून मुळ्याचा पाला निवडत होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभा. मान वर न करता तिने विचारलं, "आज काय?"

मी म्हटलं, "नवमी."

"खोटा. नवम काल झाली. आज दशम." दोन देठ खुडले आणि म्हणाली, "साडेसात." मग रोजचा प्रश्न, "बरोबर?"

"बरोबर असेल," मी म्हटलं.

मग आम्ही जेवलो. पाला जरा जून होता, तसं मी बोललोसुद्धा. सकाळी ती उठली नाही.

साडेसात म्हणजे काय, मी खोटी तिथी का सांगितली आणि 'असेल' हा शब्द माझ्या तोंडात कुठून आला, हे सांगायला मागे जावं लागेल. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकवाल्यांनी मला कामाच्या आठवणी लिहायला सांगितल्यात. "आजोबा, नाल्यात जन्म काढलात, गमतीजमती लिहा." माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन ते बघतील. गमती मात्र मी सांगेन त्या घ्याव्या लागतील.

माझं काम पावसाळी नाल्यांवर. लोक सगळ्यालाच गटार म्हणतात. संडासाचं गटार वेगळं, पावसाचा नाला वेगळा. पावसाचं पाणी रस्त्यावरच्या जाळीतून खाली उतरतं, पोटनाल्यांतून मोठ्या नाल्यात येतं आणि मोठा नाला समुद्राला मिळतो. आमचा नाला परळ-लालबागचं पाणी घेऊन रे रोडच्या पलीकडे, लाकडाच्या वखारींमागे, समुद्रात पडायचा. तिथे नाल्याच्या तोंडावर लोखंडी दार होतं आणि दार वर-खाली करायला मोठं चक्र, दोन माणसांनी फिरवायचं. भरती आली की दार खाली, नाहीतर समुद्र नाल्यातून उलटा शहरात शिरतो. ओहोटी लागली की दार वर, नाहीतर पावसाचं पाणी आतल्या आत कोंडतं. लवकर उघडलं तरी पंचाईत, उशिरा उघडलं तरी पंचाईत. एवढीच विद्या. पण ती विद्या माझी होती. मी त्या दारावरचा मुकादम होतो. रस्त्यात कुठेही उभं करा, पायाखाली नाला कुठल्या अंगाने जातो ते मी सांगायचो.

ऑफिसातून भरतीच्या वेळांचा तक्ता यायचा. भरतीच्या दोन तास आधी दार टाका, भरतीनंतर दोन तासांनी उचला, असा नियम. मी तो काटेकोर पाळायचो. तरी परळच्या हिंदमाता चौकात पाणी भरायचंच, तिथून ते आमच्या चाळीपर्यंत यायचं. मी दर वर्षी एकच कारण वर कळवायचो: लोक कचरा टाकतात, जाळ्या तुंबतात. वरचे मान डोलवायचे. चाळीतले मला शिव्या घालायचे. सगळं व्यवस्थित चाललं होतं.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. गिरणगाव पेटलेलं. भिंतीवर चुन्याने नाहीतर गेरूने 'झालाच पाहिजे' लिहिलेलं नाही अशी गल्ली दाखवा. सकाळी पोलिसांनी पुसलं की दुपारी परत उमटायचं. मीही मोर्चात जायचो, घसा बसेपर्यंत ओरडायचो, आणि पाळी असेल तेव्हा दारावर जायचो.

त्या ज्येष्ठात खात्यात एक तरणे इंजिनियर आले. वेलकरसाहेब. गिरगावात खोताच्या वाडीच्या अलीकडे राहणारे, जुन्या मुंबईकर घरातले. पांढरीफेक पँट, आणि ती पँट घालून हा माणूस नाल्यात उतरायचा. आम्हाला वाटलं, नवीन आहे, चार दिवसांत शहाणा होईल. तो शहाणा झाला, पण भलत्याच बाजूने. मला म्हणाला, "मुकादम, पाणी कुठून येतं ते ऑफिसातल्या नकाशावरून कळत नाही. ज्यांच्या घरात शिरतं त्यांना विचारलं पाहिजे. तुम्ही कुठे राहता?"

मी आपला मोठ्या तोऱ्यात त्यांना घरी घेऊन आलो. तीच माझी चूक झाली.

माझी बायको यशोदा. नाव तोंडाने कधी घेतलं नाही, आता लिहितो. मी राजापूरकडचा, डोंगरातला, समुद्र मी मुंबईत आल्यावर पाहिला. ती मालवणच्या खाडीवरची. तिचा बाप गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं, कागदावर अंगठा उठवायची. लग्नाला सहा वर्षं झालेली तेव्हा, आणि त्या सहा वर्षांत मी तिला माझ्या कामाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. का विचारीन? मी नाल्यावरचा मुकादम, ती चुलीवरची.

साहेब दारात बूट काढून आत आले, चटईवर बसले आणि तिला म्हणाले, "वहिनी, तळमजल्यावर पाणी येतं तेव्हा ते कसं असतं?"

मी म्हटलं, "साहेब, ते कचऱ्याने..."

"तुम्ही थांबा हो. वहिनी, तुम्ही सांगा."

तिने पदर सारखा केला. म्हणाली, "सायबानू, दोन तऱ्हेचा असता. एका पाण्यात कपडे धुतले तर साबणाक फेस येता. दुसऱ्या पाण्यात कितीव घासा, फेस येणा नाय. ता समुद्राचा."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी तिच्याकडे. खारट पाण्याला साबणाचा फेस येत नाही हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कपडे मी कधी धुतले नव्हते. चाळीच्या मोरीवर बसणाऱ्या साऱ्या बायकांना ठाऊक होतं की समुद्र आमच्या घरात येतो, आणि समुद्राच्या दारावर बसलेला मी वर्षानुवर्षं कचरा कचरा लिहून देत होतो.

"आणि फेस न येणारं पाणी कधी येतं, ते सांगता येईल?" साहेबांनी विचारलं.

"येता की. तिथीची पाऊणकी करूची."

पाऊणकी आजकालच्या पोरांना माहीत नसेल. पाऊणचा पाढा. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. आम्ही शाळेत छड्या खात पाठ केला आणि विसरलो. तिला तो बापाने गलबतावर शिकवला होता, कारण तांडेलाला त्याच्यावाचून चालत नाही. तिथी चौथ असली तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती पूर्ण. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. दिवसाही तेच, रात्रीही जवळजवळ तेच. साहेबांनी खिशातून ऑफिसचा तक्ता काढला आणि एकेक तारीख ताडून बघितली. काही मिनिटं इकडे तिकडे. हा माणूस चटईवर बसून मोठ्याने हसायला लागला. "मुकादम, तुमच्या घरात तक्ता बसलाय आणि तुम्ही ऑफिसचा घेऊन फिरता!"

तीसुद्धा हसली. लग्नानंतर ती माझ्या कुठल्या बोलण्यावर अशी हसली होती ते मी त्या वेळी आठवून बघितलं. एकही आठवलं नाही.

मग ते नेहमी यायला लागले. खरं लिहायचं तर आठवड्यातून एकदा यायचे, पण मला रोज वाटायचं. ते यायच्या दिवशी ती घावणे करायची. चौकड्याचं लुगडं नेसायची, जे तिने लग्नाकार्यासाठी ठेवलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "मग काय सायबासमोर फाटक्यात बसू? तुमचीच लाज जायत." उत्तर चोख होतं. म्हणून तर जास्त झोंबलं. पुरुषाच्या मनात येतं ते माझ्याही मनात आलं, नाही म्हणत नाही. पण ते दोन दिवसांत गेलं. साहेबांची नजर साफ होती, ते तिच्याकडे असे बघायचे जसे पोरं फळ्याकडे बघतात. गेलं नाही ते दुसरंच. ती माझ्या नाल्यात शिरली होती. आयुष्यात माझं म्हणावं असं एवढंच होतं, एक नाला आणि एक दार, आणि तिथे ती माझ्याआधी पोचलेली होती, घरात बसून.

साहेबांनी सगळ्या चाळीला कामाला लावलं. प्रत्येक जिन्याची एक बाई. पाणी आलं की भिंतीवर जिथपर्यंत चढलं तिथे गेरूची आडवी रेघ मारायची आणि चव बघून सांगायचं, खारं की गोडं. रेघेपुढे तिथीचं अक्षर. बायकांना अक्षर येत नव्हतं, ते काम माझ्याकडे आलं. मुकादम असून मी बायकांच्या मागे गेरूचं डबडं घेऊन फिरायचो. एकादशीचा ए, पौर्णिमेचा पौ, अमावास्येचा अ, संकष्टीचा सं. तळमजल्यावरची गोदाक्का खवचट होती. म्हणायची, "ओ पाऊणकीचे नवरे, हयसर ए काढा!" तेव्हापासून ते नाव पडलं. गल्लीत, नाक्यावर, वखारीत. पाऊणकीचा नवरा.

आषाढात साहेबांनी परळ बांधायला काढलं. जिन्याखालच्या कोरड्या जागेत, लालबागच्या गणपतीच्या कारखान्यातून शाडू आणून. रस्ते, चाळी, गिरण्या, हिंदमाता. नाले मी घातले. पपईच्या पानांचे पोकळ देठ मातीत पुरून, ऑफिसच्या नकाशाबरहुकूम. शेवटी एक परात मातीत रुतवून ठेवली, तो समुद्र, त्यात मीठ आणि कपड्यांची नीळ घातलेलं पाणी. मी स्वतः तांब्याने हिंदमातावर पाऊस पाडला. पाणी शहाण्यासारखं देठांतून गेलं आणि परातीत पडलं. मी साहेबांकडे बघितलं, छाती काढून.

बायका खो खो हसायला लागल्या. गोदाक्का म्हणाली, "मेल्यानू, ह्या परळातला पाणी मुकादमाचा ऐकता. आमच्या परळातला ऐकणा नाय."

यशोदा पुढे आली. खाली बसली. एकदा रेघांच्या भिंतीकडे बघितलं, मग हिंदमाताच्या जागी अंगठा ठेवून शाडू असा दाबला की तिथे वाटीएवढा खळगा पडला. मग दुसरीकडे, मग तिसरीकडे. कुठल्या जिन्याला किती पायऱ्या बुडाल्या ते तिला सगळं तोंडपाठ होतं. नंतर तिने परातीत आणखी निळं पाणी ओतलं, हळूहळू, भरतीसारखं. निळं पाणी माझ्याच देठांतून उलटं आलं आणि पहिल्यांदा त्या खळग्यात उभं राहिलं. तिच्या अंगठ्यात.

साहेब हळूच म्हणाले, "इतकी वर्षं आम्ही जाळ्या साफ करतोय."

मग ती म्हणाली, आणि तिने मुद्दाम माझ्याकडे बघितलं, कारण ते माझ्या दाराबद्दल होतं: "दार टाकतत ता बरोबर, फटीतसून थोडा खारा येता ता येता. पण उघडूक उशीर करतत. भरतीनंतर दोन तास कित्याक? समुद्र हातभर उतारलो की दार वर. तितक्यात आतला पाणी पळता." तिने दोन्ही करून दाखवलं. हाताने देठाचं तोंड दाबून धरलं, वरून पाऊस पाडला, आणि एकदा लवकर सोडलं, एकदा उशिरा. उशिरा सोडलं तेव्हा शाडूची आमची चाळ बुडाली.

बरोबर होतं. बघताक्षणी मला कळलं की बरोबर आहे. म्हणूनच मी म्हटलं, "मातीत खेळणं वेगळं, चक्र फिरवणं वेगळं."

त्यानंतर आठ दिवसांनी ती गंमत झाली जी अंकवाल्यांना बहुतेक हवी आहे. संकष्टीला पाणी भरलं आणि दुसऱ्या दिवशी मी नाक्यावरच्या भिंतीवर रेघ मारून 'सं' काढत होतो. मागून बखोट धरलं गेलं. हवालदार.

"काय रे, सं काय लिवतोस? पुढचं काय हाय?"

"पुढचं काही नाही. एवढंच."

"एवढंच? सं लिवलं, आता युक्त लिवणार. आनि मंग महाराष्ट्र. मला शिकवतोस?"

"हवालदारसाहेब, ही संकष्टी आहे."

"अस्सं! आनि ह्या रेघा कसल्या? किती मानसं जमवायची त्याच्या खुना?"

गल्लीभर बघितलं तर खरंच, भिंतीभिंतीवर माझ्या हाताने काढलेले सं. संध्याकाळपर्यंत मला चौकीत बसवून ठेवलं. त्यांनी गल्लीतल्या सगळ्या रेघा चुना मारून पुसल्या. सुटून आलो तर नाक्यावर दोनशे माणूस! मला खांद्यावर घेतलं, हार घातला. "मुकादम झिंदाबाद!" कोणी पाऊणकीचा नवरा म्हणालं नाही. मी काय केलं? हात जोडले. दोन दिवस मी पुढारी होतो. चहावाला पहिला कप मला द्यायचा. चळवळीतल्या पोरांनी रविवारच्या सभेत बोलायला बोलावलं. मी चार ओळीसुद्धा पाठ केल्या.

रविवारी सकाळी पोरं बोलवायला घरी आली. यशोदा दारातच होती. तिने सहज, निर्मळ मनाने सांगितलं, "रे, ती चळवळ नाय. तो संकष्टीचो सं! पाण्याची खूण ती. हेंका उगीच धरल्यानी."

पोरं हसत हसत जिना उतरली. उतरताना एक जण ओरडला, "संकष्टी झालीच पाहिजे!"

तिने काय वाईट केलं होतं? खरं ते सांगितलं. पुसलेल्या रेघासुद्धा तिने साहेबांना एकेक करून तोंडी सांगितल्या आणि त्यांनी वहीत उतरवल्या. पण माझ्या मनात एक गोष्ट बसली. हिची पाऊणकी एकदा तरी चुकावी. एकदाच. सगळ्यांसमोर.

श्रावणात साहेबांनी वरच्यांची परवानगी मिळवली. एक दिवस दार यशोदाच्या हिशेबाने उघडायचं आणि पाणी किती भरतं ते बघायचं. जमलं तर पुढे तसाच नियम, आणि प्रत्येक गल्लीच्या बायकांच्या खुणा खातं दर वर्षी धरणार. नाही जमलं तर विषय बंद. दिवस ठरला तो पण नेमका संकष्टीचा. चार पाऊण तीन. तीनला भरती, चारला समुद्र हातभर उतरेल, चारला दार वर. साहेब चाळीत थांबले, बायका आपापल्या जिन्यात उभ्या. त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली होती: 'दार चार वाजता उघडणे', खाली सही.

सकाळपासून कोसळत होता. दारावर मी आणि बाबल. बाबल माझा जोडीदार, चक्राच्या दुसऱ्या दांड्यावरचा, थोडं बोलणारा माणूस. तीनला समुद्र दाराला भिडून उभा राहिला. अगदी तीनला. मग उतरायला लागला. दारावर आमची एक जुनी खूण होती, गंजलेला खिळा. चारला पाणी खिळ्याखाली हातभर गेलं. पलीकडे नाल्यात पावसाचं पाणी चढत होतं, दार आतून धडधडत होतं.

बाबल म्हणाला, "उतारला. धर."

मी म्हटलं, "वेळ झाली नाही."

"चार वाजले रे."

"नियम दोन तासांचा आहे."

"आणि चिठ्ठी?"

मी खिशातून चिठ्ठी काढली, उलगडली, पावसात धरली. शाई ओघळली. "भिजली," मी म्हटलं. "अक्षर लागत नाही. मी चौथी शिकलेला माणूस."

बाबलने दांड्यावर हात टाकला. चक्र एकट्याने फिरत नाही, नाहीतर त्याने फिरवलं असतं. तो खाली बसला आणि त्याने विडी काढली. ओली होती, पेटली नाही. मी चक्रावर हात ठेवून उभा राहिलो. साडेचार. पाच. दाराचा धडधडाट माझ्या तळव्यातून खांद्यापर्यंत येत होता. मला माहीत होतं तिकडे काय होत असेल. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. नियमाचेही दोन तास उलटून गेल्यावर, सव्वापाचला, मी म्हटलं, "धर."

घरी आलो तर पाणी उतरत होतं. पाचव्या पायरीवर ओल. गोदाक्का तेव्हा तापाने अंथरुणात होती, तिला बायकांनी खाटेसकट वर नेलं होतं. जिन्याखालचं शाडूचं परळ विरघळून गेलं होतं, नुसता राखाडी चिखल, त्यात पपईचे देठ. साहेब गुडघाभर पाण्यात, पँट चिखलाने भरलेली. ती वर गोदाक्कापाशी होती, तेवढ्यात मी सांगितलं, "चिठ्ठी भिजली साहेब. वाचता आली नाही. नियमाने उघडलं." त्यांनी वही काढून पाचवी पायरी उतरवून घेतली. बोलले असते तर बरं झालं असतं. वरच्यांनी मात्र चिठ्ठीचं कधी विचारलंच नाही. त्यांना एवढंच दिसलं की बायकांच्या हिशेबाच्या दिवशी पाणी जास्त भरलं. खात्यात हसणं झालं. पाढे म्हणून नाले चालतात का? महिन्याभरात साहेबांची बदली झाली. जाताना ते तिला नमस्कार करायला आले, मी मुद्दाम दारावरच थांबलो.

हे सगळं मी सोसलं असतं. पण ती. मी चिठ्ठी भिजल्याचं साहेबांना सांगितलं, तिला नाही. तिने विचारलं, "चाराक उघडलात?" मी म्हटलं, "हो." का म्हटलं ते आजही कळत नाही. तोंडातून गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती भांडी घासताना पाढा म्हणायची. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड. चारपाशी थांबायची. बोटं मोजायची. परत पहिल्यापासून. बापाने शिकवलेलं चुकीचं होतं का, म्हणून. एकदा तिने मला विचारलं, "माझा खय चुकला?"

मला हवं होतं तेच मिळालं होतं. ती चुकली होती, सगळ्यांसमोर, एकदाच. आणि मी तिला म्हटलं, "चुकलं असेल कुठेतरी."

तो 'असेल' तिथला.

नियम दोन तासांचाच राहिला. रेघा पावसाने गेल्या. राज्य झालं, दिवे लागले, पेढे वाटले. पुढे बऱ्याच वर्षांनी एका संध्याकाळी, मी कॅलेंडरवर पगाराचा दिवस बघत होतो, तेव्हा तिने हळूच विचारलं, "आज काय?" मी म्हटलं, "पंचमी." ती म्हणाली, "पावणेचार. बरोबर?" मी म्हटलं, "बरोबर असेल." तेव्हापासून रोज. मी निवृत्त झालो तरी रोज. दारावर होतो तोवर दुसऱ्या दिवशी पाऊण तास पुढे धरून मी चोरून बघायचो. खिळ्यापाशी उभा राहायचो, घड्याळ बघायचो. कधी दहा मिनिटं इकडे, कधी तिकडे. चुकली कधीच नाही. चुकेल म्हणून मी वाट बघत राहिलो. खोट्या तिथ्या सांगायला लागलो, तर तिला आदल्या दिवशीची तिथी पाठ. साहेबांनी जाताना किंवा बाबलने पुढे तिला कधी सांगितलं का, मला माहीत नाही. बाबलही गेला. तिने रोज 'बरोबर?' विचारलं ते खात्री करायला, की मी काय बोलतो ते बघायला, हेही माहीत नाही. मी ते विचारलं नाही. विचारायला आधी मला सांगावं लागलं असतं.

ती गेली त्या दिवशी एकादशी. एकादशीचं मरण मिळालं म्हणून बायका हात जोडत होत्या. कुठून कुठून म्हाताऱ्या आल्या, काळाचौकीहून, भोईवाड्याहून, काठ्या टेकत. मी त्यांना ओळखतसुद्धा नव्हतो. "आमची पाऊणकी गेली," म्हणून रडल्या. एकीने माझ्या सुनेला सांगितलं, हिने आम्हाला भरती मोजायला शिकवली, अजून आम्ही तिथी बघून तळमजल्यावरच्यांना सामान वर घ्यायला सांगतो. म्हणजे ती थांबलीच नव्हती. मला न सांगता तिने ते अख्ख्या परळात वाटलं होतं. आणि खरं सांगतो, बायको समोर आडवी पडलेली असताना मला त्या म्हाताऱ्यांचा हेवा वाटला. त्यांच्याकडे ती होती तशी होती. माझ्याकडे कॅलेंडरपुढची तेवढी.

सव्वाआठला घर माणसांनी भरलेलं होतं. मला तिथी कोणी विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा म्हणाला, "बाबा, सुतक आहे, कुठे निघालात?" मी म्हटलं, "आलोच." चालत गेलो रे रोडला. वखारी आता फार उरल्या नाहीत. दार नवीन झालंय, विजेवर चालतं, चक्र नाही, खिळा नाही. कुंपणापाशी एक वॉचमन बसला होता. त्याने हटकलं, "क्या है बाबा? इधर आना मना है."

"पानी देखने का है. थोडा टाइम."

त्याने माझं सुतकातलं उघडं डोकं बघितलं, बसू दिलं. समुद्र चढत होता. लाकडाची एक ढलपी आत, दाराच्या बाजूला वाहत येत होती. मी तिच्यावर नजर ठेवली. द्वादशी. बारा पाऊण नऊ. ढलपी सावकाश होत होत थांबली. ना आत, ना बाहेर.

मी विचारलं, "कितना बजा?"

वॉचमनने मनगट वळवलं. "नौ."

"बरोबर," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी त्यालाच म्हणतोय. तो म्हणाला, "घडी नया है, बाबा."